आयेल्ट्स स्पीकिंग: तिसऱ्यांदा साडेसहा. आता काय करू?

मिरजेची_सिस्टर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. नऊ वर्षं झाली, त्यातली पाच आयसीयूत गेली. यूकेला जायचं म्हणून दोन वर्षं आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या मागे लागलेय. तिथली नर्सिंग कौन्सिल, म्हणजे एनएमसी, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये प्रत्येकी ७ मागते आणि रायटिंगमध्ये ६.५. काल तिसरा निकाल आला. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५. आणि स्पीकिंग? तेच ते, साडेसहा. तिन्ही वेळा साडेसहाच. जणू कुणी शिक्का करून ठेवलाय माझ्या नावाचा.

क्लास लावला होता. त्यांनी चाळीस क्यू कार्डांची (बोलायचा विषय देणाऱ्या कार्डांची) उत्तरं छापून दिली आणि पाठ करा म्हणाले. केली. ड्युटीवर जाता-येता, रात्री औषधांची ट्रॉली लावताना, सारखी घोकत होते. परीक्षेत कार्ड आलं, 'तुमची हरवलेली एखादी वस्तू'. ते आमच्या चाळिसात नव्हतं. माझ्याकडे तयार होती 'महाबळेश्वरची सहल'. मग काय, मी त्या सहलीत कॅमेरा हरवला! आयुष्यात माझ्याकडे कॅमेरा नव्हता. दोन मिनिटं छान गेली, 'ब्रेथटेकिंग', 'प्लेथोरा', सगळं टाकलं. संपल्यावर परीक्षक बाईंनी सहज विचारलं, कसला कॅमेरा होता तो? माझी बोबडीच वळली. म्हटलं, 'ब्लॅक.'

पुढच्या भागात विचारलं, पूर्वीच्या मानाने आता लोक वस्तू कमी जपतात का. दोन वाक्यं बोलले आणि गाडी थांबली. शेवटी एक उत्तर जरा बरं चाललं होतं तर त्यांनी मध्येच तोडून 'थँक यू' म्हटलं. वैतागल्या असाव्यात.

घरी मराठीत मला कुणी गप्प बसवू शकत नाही. मग इंग्रजीत असं का होतं? ॲक्सेंट शिकावा का? पुन्हा त्याच क्लासला पैसे भरावेत का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

चिंचेचं_पान

वाचतेय. भाचीला सप्टेंबरात द्यायचीय.

कॅमेरा ब्लॅक. सॉरी, पण हसू आवरलं नाही. :))

निवृत्त_मास्तर

सिस्टर, आधी एक गैरसमज काढून टाका. बाई वैतागल्या नव्हत्या. ही परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि प्रत्येक भागाला वेळ बांधलेली असते. पहिला भाग ४-५ मिनिटं: घर, गाव, काम, आवडीनिवडी. दुसऱ्यात कार्ड मिळतं, १ मिनिट तयारी, मग १ ते २ मिनिटं तुम्ही बोलायचं. तिसरा पुन्हा ४-५ मिनिटं, कार्डाच्याच विषयावर पण जरा वरच्या पातळीवरची चर्चा. परीक्षकाचा डोळा घड्याळावर असतो. वेळ झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबवतात. खरं तर तोडेपर्यंत तुमच्याकडे बोलायला काही होतं, ही चांगली खूण आहे.

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आता घरी दोन-तीन मुलं येतात, त्यातली निम्मी याच परीक्षेची. गुण कशाचे देतात हे जाहीर आहे, तक्ता नेटवर कुणालाही वाचता येतो. चार बाबी आहेत: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चौघींना सारखं वजन, प्रत्येकी २५ टक्के. 'विचार' नावाचा पाचवा रकाना नाही. तुमचं मत परीक्षकाला पटलं का, कॅमेरा खरा होता का, याला गुण नाहीत.

पण (हा 'पण' महाग पडतो) पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं. पाठ करणारा एका पट्टीत बोलतो. श्वास चुकीच्या जागी घेतो. 'ब्रेथटेकिंग' नंतर अचानक 'ब्लॅक' येतं. दोन मिनिटं एका बाईचं इंग्रजी आणि पुढच्या दहा सेकंदांत दुसऱ्याच बाईचं. शाळा तपासणीला मुलांकडून कविता म्हणवून घेतली आणि साहेबांनी अर्थ विचारला की काय व्हायचं, आठवतं ना? तेच.

तक्त्यात ६ आणि ७ मध्ये काय फरक आहे ते माझ्या भाषेत सांगतो. सहावाल्याची लांब बोलायची तयारी असते, पण अडखळण्यात आणि वाक्य परत परत दुरुस्त करण्यात मध्येमध्ये सूत्र सुटतं. सातवाला लांब बोलतो आणि त्याचे कष्ट ऐकणाऱ्याला जाणवत नाहीत. अडखळतो तोही. व्याकरणात चुका त्याच्याही असतात, फक्त बिनचूक वाक्यं वरचेवर येतात. म्हणजे सातसाठी निर्दोष इंग्रजी लागत नाही. समजा दोन बाबींत तुम्हाला ७ मिळाले आणि दोनात ६, की झाले साडेसहा. कुठल्या दोनात अडताय तेवढं शोधायचं.

ॲक्सेंटचं म्हणाल तर नको. उच्चारात बघतात ते ऐकणाऱ्याला समजायला श्रम पडतात का. उसना ॲक्सेंट तिसऱ्या मिनिटाला गळून पडतो, मग दोन्हीकडून गेलं.

आता गृहपाठ. फोनवर रेकॉर्ड करा. विषय: 'तुम्ही कुणाला तरी काही शिकवलं तो प्रसंग'. खरा प्रसंग. एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोलणं. मग जसंच्या तसं, चुकांसकट इथे उतरवा.

सडेतोड

इंग्रज दीडशे वर्षं इथे राहून गेले. त्यांनी दिली होती का हो मराठीची परीक्षा? आपणच मेले लाचार.

निवृत्त_मास्तर

@सडेतोड, दिली होती! कंपनीच्या नोकरांना देशी भाषा शिकवायला कलकत्त्यात १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथे विल्यम कॅरी मराठीही शिकवायचा आणि त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण इंग्रजीतून छापलं. गोऱ्या पोरांनी 'मी जातो, तू जातोस' घोकलेलं आहे. स्पीकिंगला त्यांना किती बॅन्ड, म्हणजे गुण, पडले ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

अवांतर संपलं.

सडेतोड

बरं. माघार. :)

स्लो_लोकल

आयेल्ट्स सोडा, पीटीई द्या, तीही इंग्रजीचीच परीक्षा. समोर माणूस नाही, माइकमध्ये बोलायचं, कॉम्प्युटर गुण देतो. वाक्य ऐकून तसंच म्हणायचं, उतारा मोठ्याने वाचायचा, चित्र दाखवतात त्यावर ४० सेकंद बोलायचं. मला माणसासमोर घाम फुटतो, यंत्रासमोर नाही. एकच ताप: हॉलमध्ये शेजारचेही एकाच वेळी बोलत असतात. माझ्या बाजूचा मुलगा असा खणखणीत होता की मी माझ्या आलेखात त्याचेच आकडे सांगितले.

लीड्सकर

स्लो_लोकल, धागाकर्तीला एनएमसी हवंय. तिथे आयेल्ट्स नाहीतर ओईटी, या दोनच परीक्षा चालतात.

अगं सिस्टर, मीही तुझ्यासारखीच. सोलापूरची, सहा वर्षं झाली इथे. दोन गोष्टी नीट वाच.

एक. तुझे लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आताच पुरेसे आहेत. एनएमसी दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते, दोन्ही १२ महिन्यांच्या आत असतील तर. अट अशी की दोन्ही परीक्षांत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग ६.५ च्या खाली आणि रायटिंग ६ च्या खाली जाता कामा नये. म्हणजे पुढच्या वेळी तुला खरी लढाई एकाच ठिकाणी आहे. बाकी तीन नुसती घसरू द्यायची नाहीत. हे कळलं तरी अर्धा ताण जातो. मला वेळेवर कुणी सांगितलं नाही, मी उगाच चारही पेपर नव्याने घासत बसले होते.

दोन. ओईटीचा विचार कर. ती फक्त आरोग्य क्षेत्रातल्यांसाठी आहे. स्पीकिंगमध्ये दोन रोल प्ले असतात. कार्ड मिळतं, ते वाचायला ३ मिनिटं, मग साधारण ५ मिनिटं संभाषण. समोरचा माणूस पेशंट नाहीतर नातेवाईक होतो, तू नर्स. हरवलेला कॅमेरा नाही, महाबळेश्वर नाही. घाबरलेल्या बाईला ऑपरेशनआधी उपाशी का राहायचं ते समजावून सांग, असलं काहीतरी. भाषेबरोबर तू ऐकून घेतेस का, धीर देतेस का, यालाही गुण असतात. एनएमसीला तिथे बी ग्रेड लागते, म्हणजे ३५०, रायटिंगला सी प्लस चालते. मी तीच देऊन आले.

मात्र फी आयेल्ट्सपेक्षा बरीच जास्त आहे, आणि लिसनिंग-रीडिंग सगळं नव्याने करावं लागेल. तुझी तीन कुलपं उघडलीच आहेत, तर मी तुझ्या जागी असते तर आयेल्ट्सच पुन्हा दिली असती.

परभणीचा_बाळू

मास्तरांना +१. आमच्या इकडं बोलायला माणूस कुठून आणायचा? मी बाईकवर बोलायचो. हेल्मेट घातलं की कुणाला कळत नाही गाणं म्हणतोय का इंग्रजी. रस्त्यात दिसेल ते सांगायचं: ट्रॅक्टर चाललाय, उसाची मोळी पडली, मागचा हॉर्न मारतोय, याला एवढी घाई कशाची. पहिल्या आठवड्यात कळलं की मला 'मोळी' सांगता येत नाही. मग 'उसाचा बांधलेला गठ्ठा' असं वळसा घालून सांगायला लागलो. परीक्षेत तेच कामाला आलं.

अजून एक. फोनमधलं बोलून टाईप करायचं असतं ना, त्याची भाषा इंग्रजी करा आणि बोला. फोनला काय ऐकू आलं ते लिहून येतं. मी म्हटलं 'आय वर्क इन अ बँक', फोनने लिहिलं भलतंच. यंत्र माणसाइतकं समजूतदार नसतं, पण कुठं अडतंय ते बरोबर दाखवतं.

मिरजेची_सिस्टर

बाप रे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. लीड्सकर ताई, गुण एकत्र धरतात हे क्लासमध्ये एका शब्दाने कुणी बोललं नव्हतं. खात्री करून घेतली, बरोबर आहे. रात्री शांत झोपले.

मास्तर, हा गृहपाठ. स्टोअररूममध्ये बसून रेकॉर्ड केलं, बाहेर मावशी बादल्या आपटत होत्या. लाज वाटतेय पण उतरवते:

'वन ओल्ड मॅन वॉज देअर इन माय वॉर्ड. ही इज फ्रॉम व्हिलेज नियर जत. डॉक्टर टोल्ड टू हिम दॅट फ्रॉम टुडे ओन्ली यू हॅव टू टेक इन्शुलिन. मीन्स, ही वॉज व्हेरी अफ्रेड. ही सेड, आय विल डाय बट आय विल नॉट टेक. सो आय टुक वन ऑरेंज. आय गिव्ह हिम द सिरिंज अँड आय से, बाबा, पुट इट इन द ऑरेंज. मीन्स, फर्स्ट टाइम ही पुट्स इट सो हार्ड दॅट द वॉटर केम ऑन माय युनिफॉर्म. देन ही लाफ्ड. ही सेड, सिस्टर, ऑरेंज इज नॉट क्राइंग, सो आय विल ऑल्सो नॉट क्राय. मीन्स, आफ्टर थ्री डेज ही वॉज डूइंग बाय हिमसेल्फ ओन्ली.'

इथे संपलं. फक्त एक मिनिट दहा सेकंद. आणि ऐकताना मोजलं, पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये 'मीन्स' चौदा वेळा आहे, वर मी कमीच लिहिलेत.

चिंचेचं_पान

ऑरेंज इज नॉट क्राइंग! मला आवडले हे आजोबा.

निवृत्त_मास्तर

सिस्टर, तुमच्या क्लासच्या चाळीस उत्तरांत असं एक वाक्य दाखवा, मी काठी टेकत मिरजेला येतो. संत्र्याचा रस युनिफॉर्मवर उडाला हे ज्याने पाहिलंय तोच सांगू शकतो. आता पुढचा प्रश्न येऊ दे, संत्रं कसलं होतं, आजोबा पुन्हा आले का. तुम्ही अडकणार नाही, कारण उत्तर तुमच्याकडे आहे.

आता चिरफाड.

'मीन्स'. हा आपल्या 'म्हणजे'चा जावई. मराठीत आपण विचार करायला 'म्हणजे' म्हणून थांबतो आणि ते शोभतं. इंग्रजीत 'मीन्स' असं सुटं उभं राहत नाही. तोडायचा उपाय एकच: तिथे गप्प बसा. एक सेकंद. मराठी माणसाला गप्प राहणं अवघड जातं हे मला माहीत आहे, पण एक सेकंदाची शांतता परीक्षेत कुणाच्या लक्षातही येत नाही, चौदा 'मीन्स' येतात. फार तर 'आय मीन' म्हणा, तेही दोनदाच.

'फ्रॉम टुडे ओन्ली', 'बाय हिमसेल्फ ओन्ली'. हा आपला 'च'. आजपासूनच, स्वतःचं स्वतःच. इंग्रजीत 'च' शब्दांत येत नाही, आवाजाच्या जोरात येतो. 'टुडे'वर जोर द्या, झालं.

'टोल्ड टू हिम' मधला 'टू' काढा. त्याला सांगितलं, त्या 'ला'चं भाषांतर करायचं नाही. 'वन ओल्ड मॅन वॉज देअर' हे 'एक म्हातारा होता' चं सरळ रूप आहे. 'देअर वॉज ॲन ओल्ड मॅन इन माय वॉर्ड' म्हणा.

सगळ्यात महत्त्वाचं, काळ. बघा, सुरुवात 'वॉज'ने, मग 'इज', मग 'टुक', लगेच 'गिव्ह', 'से', 'पुट्स'. तुम्हाला भूतकाळ येत नाही असं नाही. मराठीत गोष्ट रंगात आली की आपण वर्तमानात उडी मारतो: 'मी संत्रं देते, म्हणते बाबा टोचा, तर हा बाबा असा खुपसतो की...' आपल्याकडे ती कथा सांगायची लकब आहे. तीच तुम्ही इंग्रजीत नेली, आणि तिथे असा मिसळलेला काळ चूक म्हणून मोजला जाईल. कालचं सांगताय तर शेवटपर्यंत कालच्यातच राहा. माझ्या अंदाजाने तुमचा व्याकरणाचा ६ इथे अडकलाय.

लांबीसाठी नवं काही शोधू नका. आजोबांचे हात कसे होते? तुम्हाला काय वाटलं? तुम्ही स्वतः पहिलं इंजेक्शन कुठे शिकलात? या तिघांत चाळीस सेकंद जातात.

स्वरयंत्र

भाषाविज्ञानवाली आहे, उच्चारांवर थोडं लिहिते. नर्ससाठी आपला 'व' धोकादायक आहे.

इंग्रजीत दोन वेगळे आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासत जाते. दुसऱ्यात दातांचा संबंधच नाही, शिट्टी मारताना करतो तसा ओठांचा चंबू होतो. मराठीत यांत अर्थाचा फरक नाही, म्हणून आपलं तोंड दोन्हीच्या मध्येच कुठेतरी 'व' म्हणतं. त्यात लिहिताना आपण घोळ वाढवलाय: शीर या अर्थाचा शब्दही 'व्हेन' लिहितो आणि 'कधी' या अर्थाचाही 'व्हेन'. पहिल्यात दात टेकवा आणि स्वर जरा लांबवा. दुसऱ्यात चंबू करा. रोज आरशासमोर 'वॉर्ड', 'वूंड', 'वॉटर', 'वीक' चंबूने आणि 'व्हॉमिट', 'व्हेंटिलेटर', 'व्हिजिट', 'व्हिलेज' दातांनी. पाच मिनिटं पुरेत.

दुसरं आघात. आपण प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला शब्द पकडायला वेळ लागतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. 'हॉटेल'मध्ये दुसऱ्यावर, आपण देतो पहिल्यावर. नवा शब्द शिकताना अर्थाबरोबर जोर कुठे तेही पाठ करा. एवढीच घोकंपट्टी मी मान्य करते.

गंधार_टोरंटो

उशिरा आलो. आम्ही एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी, म्हणजे कॅनडात स्थायिक व्हायला, आयेल्ट्स जनरल दिली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ॲकॅडमिक काय आणि जनरल काय, स्पीकिंग दोन्हीत एकच असतं.

एक मिनिटाच्या तयारीत कागद-पेन्सिल मिळते. बायकोने पूर्ण वाक्यं लिहायला घेतली, दीड वाक्यात मिनिट संपलं. मी पाच शब्द लिहिले, तेही मराठीत, आणि खाली एक बाण. वाक्य लिहिलं की माणूस वाचायला लागतो.

निवृत्त_मास्तर

पाच शब्द हे पटलं, मराठीत हे नाही. मराठी शब्द समोर दिसला की जीभ भाषांतर करायला बसते.

गंधार_टोरंटो

मास्तर, 'आजी-विहीर-भीती' लिहिलं की मला आख्खं चित्र दिसतं. 'वेल' लिहिलं तर विहीर का बरं हेच आठवायचं नाही. ज्याला जे जमेल ते. मला ७.५ होते, दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.

निवृत्त_मास्तर

घेतला. उजेड पडला की सांगतो.

मिरजेची_सिस्टर

मंडळी, एक शंका. प्रश्नच कळला नाही तर?

लीड्सकर

विचार! 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' यात काही कमीपणा नाही. पहिल्या भागात त्यांना छापील प्रश्नच विचारावे लागतात, ते फार तर पुन्हा म्हणतील. तिसऱ्या भागात मात्र वेगळ्या शब्दांत सोपा करून सांगतात, तिथे 'डू यू मीन...' म्हणून बिनधास्त विचार. वॉर्डात डॉक्टरने पुटपुटत ऑर्डर दिली तर तू अंदाजाने औषध देतेस का? नाही ना? तसंच.

आणि रविवारी दुपारी मोकळी असशील तर व्यनि (खाजगी निरोप) कर. मी विचारते, तू बोल. मीठमसाला न लावता तोडते की नाही बघ.

मिरजेची_सिस्टर

(दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.)

आला निकाल. आधी हकीकत सांगते, नाहीतर तुम्ही शेवटच वाचाल.

लीड्सकर ताईंबरोबर सात रविवार बोलले. पहिल्या रविवारी त्यांनी बेलच आणून ठेवली होती, 'मीन्स' आलं की टिंग. तिसऱ्या रविवारपर्यंत टिंग थांबलं, पण माझं बोलणंही निम्म्यावर आलं, कारण दर वाक्याला मी घाबरून थांबायची. चौथ्यापासून हळूहळू जमलं. आरशासमोर चंबू करताना सासूबाईंनी पाहिलं, त्या काय समजल्या देव जाणे.

परीक्षेत कार्ड आलं: 'तुमच्या भागात हाताने बनणारी एखादी वस्तू'. संत्र्यावाले आजोबा बसत नव्हते. एक क्षण, खरंच सांगते, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डोळ्यापुढे आली. हाकलून दिली. मग वाटलं, अगं, तू मिरजेची! आमच्या शाळेच्या वाटेवर सतारमेकर गल्ली. सतार आणि तंबोरे बनतात तिथे, २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. लहानपणी दारात भोपळे वाळत पडलेले असायचे आणि आम्ही त्यावर टकटक करून पळायचो.

झालं, सुरू झाले. आणि दुसऱ्याच वाक्यात अडकले. भोपळ्याला काय म्हणायचं? 'पम्पकिन' म्हटलं तर बाईंना वाटायचं आम्ही भाजी वाजवतो. तेव्हा परभणीच्या बाळूभाऊंची मोळी आठवली. म्हटलं, इट वॉज लाइक अ पम्पकिन, बट व्हेरी बिग अँड हार्ड, अँड सो बिटर दॅट नोबडी कुड ईट इट, सो पीपल मेड म्युझिक विथ इट. बाई हसल्या. खरंच हसल्या. मग भोपळ्यावरचं टकटक सांगितलं, कारागीर काका ओरडायचे ते सांगितलं, त्यांनी 'थँक यू' म्हणेपर्यंत थांबलेच नाही. नंतर विचारलं, तुमच्या घरी कुणी वाजवतं का. म्हटलं, नो, बट समवन हॅज टू लिसन.

तिसऱ्या भागात हातकाम टिकावं का, यंत्रांमुळे काय होतं असं चाललं. तिथे दोनदा काळ घसरला, एकदा 'मीन्स' निसटलं. कळलं, पण मागे वळले नाही.

लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ६. स्पीकिंग ७.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधीच्या निकालाला जोडून काम होतं. रायटिंग काठावर वाचलं, ते बघून पोटात गोळा आला होता.

लीड्सकर

टिंग!! अभिनंदन गं! आता सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची नर्सिंगची परीक्षा, मग इथे आल्यावर ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिक. त्याचा वेगळा धागा काढ, तिथे भेटू.

परभणीचा_बाळू

मोळी सातासमुद्रापार चालली म्हणायची. अभिनंदन सिस्टर.

चिंचेचं_पान

भाचीला पूर्ण धागा वाचून दाखवला. ती आता गच्चीत जाऊन बोलते. शेजारी विचारतायत बरी आहे ना म्हणून.

सडेतोड

अभिनंदन. पण त्या भोपळ्याला इंग्रजीत म्हणतात तरी काय?

निवृत्त_मास्तर

गोर्ड.

मिरजेची_सिस्टर

बरं झालं मास्तर, तेव्हा माहीत नव्हतं.